कोलमडलेले वेळापत्रक आणि कृतज्ञतेचे शिक्षण

मुलांना शाळेत न घालता त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी आईवडिलांनी स्वतःकडे घेणे, ज्याला मराठी पालकही आता सर्रास होमस्कूलिंग म्हणतात आणि ज्यासाठी या व्याख्यानात गृहशिक्षण हा शब्द योजला आहे, त्याची चर्चा बहुधा दोन टोकांवरूनच होते: एक तर त्यातून पुढे आलेल्या गुणवान मुलांची कौतुके होतात, नाहीतर अशी मुले समाजापासून तुटतील म्हणून काळजी व्यक्त केली जाते. या दोहोंच्या मधे जे रोज घडते, म्हणजे ठरवलेला अभ्यास ठरल्याप्रमाणे पार न पडणे, त्याकडे शिक्षणविचाराने फारसे लक्ष दिलेले नाही. वास्तविक गृहशिक्षण करणाऱ्या घराला सर्वांत नेमाने येणारा अनुभव हाच असतो. प्रस्तुत विवेचनाचा विषय या अनुभवाशी निगडित असा एक नैतिक प्रश्न आहे. बेत फसला असता त्या घरात कृतज्ञता शिकली जाते का, आणि जात असेल तर ती कोणाविषयीची व कशाबद्दलची असते? येथे मांडावयाचे म्हणणे असे की, बेत सुरळीत चालू असताना ज्यांचे देणे नजरेआड राहते ती माणसे बेत फसल्यावर दिसू लागतात, आणि त्यांची, तसेच त्यांनी सोसलेल्या झिजेची, खरी नोंद घेणे हाच अशा प्रसंगातून मिळणारा कृतज्ञतेचा धडा होय. फसल्याबद्दलच आभार मानण्याचा जो एक प्रकार अलीकडे रूढ होत आहे, त्याहून हा धडा बराच वेगळा आणि बराच अवघड आहे.

आधुनिक गृहशिक्षणाचे माहेरघर अमेरिका. सक्तीच्या शालेय शिक्षणाचा कायदा तेथे मॅसेच्युसेट्स राज्याने १८५२ मध्ये प्रथम केला आणि १९१८ मध्ये मिसिसिपीने तो स्वीकारल्यावर सगळीच राज्ये त्याच्या कक्षेत आली. त्यामुळे मूल घरी शिकवणे ही जी पूर्वी केवळ सोयीची बाब होती तिचा खुलासा करण्याची पाळी पालकांवर आली. १९७० च्या दशकात या सक्तीला परस्परांहून अगदी भिन्न अशा दोन बाजूंनी आव्हान मिळाले. जॉन होल्ट हे पेशाने शिक्षक होते. वर्गातली मुले विषय शिकण्याऐवजी शिक्षकाला हवे असलेले उत्तर हेरण्याच्या युक्त्या कशा शिकतात हे त्यांनी ‘हाऊ चिल्ड्रन फेल’ या १९६४ मधील पुस्तकात दाखवले, आणि पुढे शाळा सुधारण्याची आशा सोडून १९७७ मध्ये बोस्टनहून ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केले. दुसऱ्या बाजूला रेमंड आणि डोरोथी मूर या दांपत्याने १९७५ मध्ये ‘बेटर लेट दॅन अर्ली’ या पुस्तकातून कोवळ्या वयातील औपचारिक शिक्षणाला विरोध केला, आणि त्यांचे म्हणणे धार्मिक वृत्तीच्या ख्रिस्ती कुटुंबांना विशेष पटले. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत गृहशिक्षणाला कायद्याने वाट मोकळी झाली. १९९९ च्या सरकारी पाहणीत अशी सुमारे साडेआठ लाख मुले आढळली. २०२० च्या महासाथीत तर, जनगणना विभागाच्या पाहणीनुसार, शाळकरी मुले असलेल्या कुटुंबांतील गृहशिक्षण करणाऱ्यांचे प्रमाण वसंत ऋतूत ५.४ टक्के होते ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत ११.१ टक्क्यांवर गेले.

होल्ट यांच्या अनुयायांमध्ये अनस्कूलिंग नावाची एक शाखा आहे. मुलाच्या कुतूहलामागे जावे, अभ्यासक्रम आखूच नये, असे ती मानते, आणि तिच्यापुरता बेत बिघडण्याचा प्रश्न निदान तत्त्वतः उद्भवत नाही. (व्यवहारात तो उद्भवतोच, कारण बेत न आखण्याचा बेतही पार पाडावा लागतो.) बहुसंख्य कुटुंबे मात्र आखणी करतात, आणि काही ठिकाणी ती कायद्यानेच करावी लागते. न्यूयॉर्क राज्यात पालकाने वर्षारंभी प्रत्येक मुलाची लेखी शिक्षणयोजना शिक्षणाधिकाऱ्याला सादर करावयाची, दर तिमाहीला प्रगतीचा अहवाल पाठवावयाचा, आणि पहिली ते सहावीसाठी वर्षाला ९०० तास, सातवी ते बारावीसाठी ९९० तास शिक्षण झाल्याचे दाखवावयाचे असा नियम आहे. टेक्सासमध्ये याच्या उलट. तेथे घरची शाळा ही खासगी शाळाच समजली जाते आणि सरकार जवळजवळ काहीच विचारत नाही. परंतु टेक्सासमधल्या आईची वही न्यूयॉर्कमधल्या आईच्या वहीपेक्षा कोरी असते असे समजण्याचे कारण नाही. ज्या घराने गावातली शाळा नाकारली त्या घराला आपला निर्णय आजीआजोबांपुढे, शेजाऱ्यांपुढे आणि मुख्य म्हणजे स्वतःपुढे दररोज सिद्ध करावा लागतो, आणि त्या सिद्धतेचा एकमेव हाताशी असलेला पुरावा म्हणजे भरलेले वेळापत्रक. म्हणून ते कोलमडले की केवळ एक दिवस वाया जात नाही. मूळ निर्णयच चुकला की काय अशी शंका उभी राहते.

या वेळापत्रकाचे एक पान जवळून पाहण्यासारखे असते. आडव्या ओळीत मुलांची नावे, उभ्या ओळीत वार, आणि प्रत्येक चौकटीत पेन्सिलीने लिहिलेले पाठ: आठ वाजता एकत्र वाचन, पावणेनऊला मोठीचे अपूर्णांक आणि त्याच वेळी मधल्याचे सुलेखन, दहाला निसर्गवही, साडेदहाला इतिहासाचे कथन. कथन ही पद्धत शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्रज शिक्षिकेची. तिच्यात मुलाने एकदाच ऐकलेला उतारा लगेच स्वतःच्या शब्दांत सांगावयाचा असतो, आणि अमेरिकेतील कित्येक घरे आजही ती पाळतात. मंगळवारच्या चौकटींवर एक तिरपी रेघ ओढलेली असते, कारण त्या दिवशी धाकट्याला ताप भरला. बुधवारचे पाठ बाण काढून गुरुवारकडे ढकललेले, गुरुवारचे शुक्रवारकडे, आणि शुक्रवारच्या चौकटीत आता इतकी गर्दी झालेली असते की तिच्यातले काहीच वाचता येत नाही. फेब्रुवारी महिना तर या कुटुंबांत कुप्रसिद्धच आहे: नाताळ मागे पडलेला, थंडी हटत नाही, ऑगस्टमध्ये उत्साहाने मागवलेल्या पुस्तकांपैकी निम्मी उघडलेली नाहीत आणि आईचा धीर सुटत चाललेला. येथे आई हा शब्द हेतुपुरस्सर वापरला आहे. अमेरिकेत काय आणि भारतात काय, गृहशिक्षणाचा रोजचा भार बहुतेक घरांत स्त्रीवरच पडतो, आणि बेत बिघडल्याचे खापरही ती स्वतःच्याच माथी फोडून घेते.

अशा वेळी अमेरिकन गृहशिक्षकांच्या जगात एक उपाय हमखास सुचवला जातो, तो म्हणजे कृतज्ञतेची वही: दिवसाकाठी ज्या गोष्टींबद्दल धन्यता वाटली त्या क्रमांक घालून लिहून काढावयाच्या. या प्रथेच्या प्रसाराला कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात शेतावर राहणाऱ्या आणि आपली मुले घरी शिकवणाऱ्या ॲन व्होस्कॅम्प या लेखिकेच्या ‘वन थाउजंड गिफ्ट्स’ या पुस्तकाने मोठा हातभार लावला. अशा एक हजार गोष्टींची यादी करण्याच्या संकल्पावरच ते आधारलेले आहे. प्रथेची पाळेमुळे ख्रिस्ती भक्तिजीवनात आहेत. पण तिला मानसशास्त्राचा आधारही लाभला आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांच्या एका गटाला आठवड्यातून एकदा, दहा आठवडे, आभार वाटावेत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहावयास सांगितले होते, दुसऱ्या गटाला त्रासाच्या गोष्टी आणि तिसऱ्याला नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाने आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधान नोंदवले. पुढील संशोधनाने हा उत्साह काहीसा आवरता घेतला. २०२१ मध्ये क्रेग आणि चीव्हन्स यांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा नैराश्य आणि चिंता यांवर या वह्यांचा परिणाम किरकोळच असल्याचे त्यांना दिसले. म्हणजे वही निरुपयोगी नाही, पण रामबाणही नाही.

तिच्याविषयीचा खरा आक्षेप मात्र परिणामाच्या आकड्याचा नाही. ताप, बुडालेले अपूर्णांक, चिडलेली आई आणि रडवेले मूल या सगळ्यांवर ‘जे होते ते चांगल्यासाठीच’ असा शिक्का मारून टाकण्याचा मोह या प्रथेत आहे, आणि त्या शिक्क्याखाली दुरुस्त करता येण्याजोग्या चुकाही झाकल्या जातात. एकाच बाईने तीन इयत्ता, स्वयंपाक, धुणे आणि तान्हे मूल सांभाळावयाचे हा बेत फेब्रुवारीत मोडतो, कारण तो ऑगस्टमध्येच अशक्य होता. त्याबद्दल दैवाचे आभार मानण्यापूर्वी घरातल्या पुरुषाने सकाळचे दोन तास मोकळे करता येतात का हे पाहणे शहाणपणाचे. जी कृतज्ञता तक्रारीला तोंडच उघडू देत नाही ती फार दिवस टिकत नाही, आणि मुलांना ती खोटी असल्याचे मोठ्यांच्या आधी कळते.

मग या अनुभवातून शिकण्याजोगी कृतज्ञता कोणती? येथे बालमानसशास्त्रातील एका जुन्या, काहीशा विस्मृतीत गेलेल्या अभ्यासाचा उपयोग होतो. फ्रान्झिस्का बाउमगार्टन-ट्रामर यांनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे ७ ते १५ वर्षे वयाच्या मुलांना दोन साधे प्रश्न विचारले आणि त्यांचे निष्कर्ष १९३८ मध्ये प्रसिद्ध केले: तुझी सर्वांत मोठी इच्छा कोणती, आणि ती जो पुरी करील त्याच्यासाठी तू काय करशील? उत्तरांचे त्यांनी चार प्रकार केले. पहिला शाब्दिक, म्हणजे नुसते आभार. दुसरा वस्तुरूप, म्हणजे मुलाने स्वतःला मोलाची वाटणारी वस्तू देऊ करणे. सायकल देणाऱ्या काकाला आपले आवडते खेळणे देण्याची तयारी या जातीची, आणि त्या काकाला खेळण्याचे काय करावयाचे हा विचार तिच्यात नसतो. तिसऱ्या प्रकाराला नाते जोडणारी कृतज्ञता म्हणता येईल. येथे मूल देणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याला काय हवे असेल याचा विचार करते. चौथ्यात मिळालेल्या संधीला साजेसे वागून दाखवण्याकडे कल असतो. वय वाढते तसा वस्तुरूप प्रकार मागे पडतो आणि किशोरवयाच्या उंबरठ्यावर नाते जोडणारा प्रकार पुढे येतो, असे त्यांना आढळले. याचा अर्थ कृतज्ञता ही जन्मजात वृत्ती किंवा निव्वळ शिष्टाचार नसून दुसऱ्याचे मन वाचण्याच्या क्षमतेबरोबर ती वाढत जाते.

अमेरिकेतील जेफ्री फ्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हाच धागा पुढे नेला. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना त्यांनी आभार मानावयास शिकवले नाही. आपल्याला काही मिळते तेव्हा देणाऱ्याचा हेतू काय होता, त्याला त्यासाठी किती झीज सोसावी लागली आणि आपला लाभ किती झाला, या तीन अंगांनी विचार करावयास शिकवले. अशा मुलांत कृतज्ञता वाढलेली दिसली. हेतू, झीज आणि लाभ ही त्रयी गृहशिक्षणाच्या प्रश्नावर नेमका प्रकाश टाकते. यशस्वी दिवशी त्या घरात देणारे एकच दिसतात, आईवडील; योजना त्यांची, पुस्तके त्यांनी आणलेली, वेळ त्यांचा. ज्या दिवशी आई अंथरुणाला खिळते त्या दिवशी मात्र चित्र पालटते. शेजारीण सूपाचे पातेले आणून ठेवते. मोठी मुलगी धाकट्याला गोष्ट वाचून दाखवते आणि तिचे स्वतःचे गणित राहून जाते, ही तिची झीज. सार्वजनिक ग्रंथालयातील बाई मुदत संपलेल्या पुस्तकांचा दंड माफ करतात आणि वर पक्ष्यांवरचे एक पुस्तक हातात देतात. सहकारी गट, म्हणजे अनेक गृहशिक्षक कुटुंबांनी मिळून चालवलेला आठवड्याचा वर्ग, आईची पाळी दुसऱ्याकडे देतो. ही सगळी माणसे आदल्या आठवड्यातही होती. ग्रंथालय तर त्या शाळा नाकारलेल्या घराच्याही करातून, आणि गावातल्या शाळा मानणाऱ्या शेकडो घरांच्या करातून, वर्षानुवर्षे चालू होते. घर स्वयंपूर्ण आहे हा समज मोडला तेव्हा ती मोजण्यात आली इतकेच.

म्हणून बिघडलेल्या दिवसाच्या शेवटी मुलांना विचारण्याजोगा प्रश्न ‘आज कशाबद्दल बरे वाटले’ हा नसून ‘आज कोणाचे काम आपल्यामुळे वाढले’ असा असावा. पहिल्या प्रश्नाला इंद्रधनुष्य, चहाचा वास, मांजर अशी गोड उत्तरे येतात. दुसऱ्याला माणसांची नावे येतात. आणि नावे आली की तिसरी गोष्ट, म्हणजे काय करावयाचे हे, मुले स्वतःच सुचवतात. त्यांच्या सूचना बहुधा विचित्र असतात, खेळण्याच्या वळणाने जाणाऱ्या असतात, आणि त्या तशाच राहू द्याव्यात.

येथे एक धोका सांगणे आवश्यक आहे, कारण भारतीय, आणि त्यातही मराठी, मध्यमवर्गीय घरात तो अमेरिकेपेक्षा अधिक संभवतो. मुलासाठी चांगल्या पगाराची नोकरी सोडलेल्या पालकाला, बेत फसल्यावर, त्या त्यागाची आठवण मुलाला करून देण्याची इच्छा होते. ‘तुझ्यासाठी एवढे केले’ हे वाक्य ज्या घरात ऐकू येते तेथे कृतज्ञतेची वसुली सुरू झालेली असते. फ्रो यांच्या त्रयीतील पहिले अंग हेतूचे आहे, आणि परतफेडीच्या अपेक्षेने दिलेल्या देण्यात हेतूच बदलून जातो, त्यामुळे मुलाच्या मनात कृतज्ञता न येता ओझे येते. शिवाय घरी शिकण्याचा निर्णय सहा वर्षांच्या मुलाने घेतलेला नसतो. जो व्यवहार त्याने केलाच नाही त्याचे हप्ते त्याच्याकडून मागता येत नाहीत.

घरी मिळालेले शिक्षण, पूर्णपणे उद्ध्वस्त झालेला बेत आणि तरीही टिकलेली कृतज्ञता यांचे महाराष्ट्राला परिचित असलेले सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तरुणपणी पुण्यात, पेशव्यांच्या वाड्यातील एका स्त्रीला संस्कृत शिकवले जात असल्याचे पाहिले आणि आपल्या पत्नीला शिकवण्याचा निश्चय केला. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या बाबतीत त्यांनी तो पार पाडला, त्यासाठी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला आणि पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात बिऱ्हाड थाटून तेथे अध्यापन केले. योजना मोठी होती. पाहुणे, विद्यार्थी आणि यात्रेकरू यांचे आतिथ्य करता करता पैसा संपला, आणि रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडले ते पुन्हा कोठे स्थिरावलेच नाही. देवळांतून पुराणे वाचावयाची आणि श्रोते देतील त्यावर गुजराण करावयाची, असा त्यांचा क्रम बनला.

वडील आता वृद्ध झाले होते, म्हणून रमाबाईंना शिकवण्याचे काम आईकडे आले. दिवसभर प्रवास, स्वयंपाक आणि येणारेजाणारे यांतून आईला सवड मिळत नसे. ती भल्या पहाटे, झोपेने जड झालेल्या मुलीला जमिनीवरच्या अंथरुणातून हळूच उठवी, लाडाने जागी करी आणि पाखरे जागी होण्याच्या त्या वेळेत संस्कृतचे श्लोक तिच्याकडून म्हणवून घेई. वहीत चौकटी आखून झालेले हे शिक्षण नव्हते. घर नाही, खडू-फळा नाही, उद्या मुक्काम कोठे याचा पत्ता नाही अशा स्थितीत भागवत पुराण त्या मुलीला मुखोद्गत झाले. पुढे १८७० च्या दशकात दक्षिणेत पडलेल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने मृत्यू पावली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले, आणि तेथे विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या.

या कथेचा सोयीचा निष्कर्ष असा काढता येईल की, संकटे आली म्हणूनच रमाबाई घडल्या. रमाबाईंनी स्वतः तो काढला नाही. १९०७ मधल्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी त्या दुष्काळाकडे अत्यंत रोखठोकपणे पाहिले आहे: मुलांना बाहेरच्या जगाचा वारा लागू नये म्हणून आईवडिलांनी त्यांना लौकिक विद्या दिली नाही, हातांनी कष्ट करण्याची सवय लावली नाही, आणि पोटाला अन्न नसताना व्रते व अनुष्ठाने यांवर उरलासुरला पैसा खर्च केला, हे त्या लपवत नाहीत. आणि त्याच रमाबाईंनी १८८७ मध्ये फिलाडेल्फियात प्रसिद्ध झालेले ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे पुस्तक आईच्या स्मृतीस अर्पण केले, तिच्या शिकवण्याने आपल्या आयुष्याला प्रकाश आणि दिशा मिळाल्याचे नमूद करून. दोष सांगणे आणि ऋण मानणे या दोन गोष्टी एकाच मनात, एकमेकींना न पुसता, राहू शकतात याचे याहून स्वच्छ प्रमाण मराठी समाजाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. पहाटेची ती घटका आईने कोणत्या झिजेतून काढली हे मुलीला कळले होते; म्हणून तिची कृतज्ञता आईवडिलांच्या प्रत्येक निर्णयाला मान डोलावण्यावर अवलंबून राहिली नाही.

या कृतज्ञतेचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून उपाशी मुली व स्त्रिया यांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना अक्षरओळखीबरोबर विणकाम, शिवण, छपाई आणि शेतीची कामे शिकवली गेली. स्वतःच्या गृहशिक्षणात जे राहून गेले होते, म्हणजे हातांचे कसब, त्याला या शाळेत पुस्तकांइतकेच स्थान मिळाले. बाउमगार्टन-ट्रामर यांच्या वर्गीकरणातील चौथ्या प्रकाराशी हे जुळते. मात्र येथे परतफेड देणाऱ्याकडे गेली नाही, ती ज्यांना कोणी दिले नव्हते त्यांच्याकडे वळली.

आजच्या महाराष्ट्रात पुणे, मुंबई आणि इतर काही शहरांतून गृहशिक्षण करणारी कुटुंबे आहेत. त्यांची कायदेशीर स्थिती धूसर आहे: १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यात गृहशिक्षणाचा उल्लेखच नाही, मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे कलम १० ने पालकाचे कर्तव्य ठरवले आहे, पण ते न केल्यास पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. व्यवहारात ही मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा देतात, किंवा १७ नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून बसतात. जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येक काकूंच्या ‘कितवीत आहेस रे?’ या प्रश्नाला त्यांना उत्तर शोधावे लागते. आणि त्यांपैकी काही घरांचा बेत पूर्णच मोडतो: वडिलांची नोकरी जाते, आई आजारी पडते, किंवा अकरा वर्षांची मुलगी एके दिवशी सांगते की तिला मैत्रिणी हव्यात आणि शाळेत जायचे आहे.

हे शाळेत परतणे आपल्याकडे पराभव मानले जाते. गृहशिक्षणाचे कट्टर समर्थक त्यावर मौन पाळतात आणि विरोधक ‘सांगत नव्हतो का’ म्हणून खूश होतात. दोघांचेही चुकते. त्याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, कधीही शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क कागदावर आहे. तो वर्गात उतरतो तेव्हा कोणातरी शिक्षिकेच्या मधल्या सुट्टीतून उतरतो. साठ मुलांच्या वर्गात एकसष्टावे मूल, ज्याला रांगेत उभे राहण्याचीही सवय नाही, ते जुळवून घेताना तिची जी झीज होते ती त्या मुलाच्या पालकांना इतरांपेक्षा जास्त चांगली कळावयास हवी, कारण एका मुलाला शिकवताना काय लागते हे त्यांनी स्वतःच्या घरी सोसून पाहिलेले असते. शाळेवर वर्षानुवर्षे टीका केलेल्या पालकाने त्या शिक्षिकेला जाऊन भेटणे, आणि टीका मागे न घेताही तिचे मनापासून आभार मानणे, हा त्या संपूर्ण प्रयोगाचा सर्वांत मोलाचा पाठ ठरू शकतो. मूल तो पाहत असते.

या क्षेत्राची आजची उणीव नोंदींची आहे. वर्तमानपत्रे घरी शिकून नामांकित विद्यापीठात पोहोचलेल्या मुलांच्या बातम्या छापतात. मधेच सोडून दिलेल्या, अर्ध्यावर वळलेल्या, कसेबसे तडीस नेलेल्या प्रयोगांविषयी मराठीत जवळजवळ काहीच वाचावयास मिळत नाही. होल्ट यांच्या नियतकालिकाचा मोठा भाग वाचक-पालकांच्या पत्रांनी भरलेला असे, आणि त्या पत्रांमुळेच पुढच्या पिढीतील पालकांना कोणत्या अडचणी येतात व अशा वेळी कोण मदतीला येते हे आधी कळू शकले. मराठी गृहशिक्षक कुटुंबांनीही आपल्या फसलेल्या वर्षांचा वृत्तान्त, मदत करणाऱ्यांच्या कामासह आणि स्वतःच्या चुकांसह, लिहून काढावा, ‘पालकनीती’सारख्या नियतकालिकांनी त्याला जागा द्यावी, आणि ज्या घरांत रेघा ओढलेली, बाण काढलेली वेळापत्रके अजून शिल्लक आहेत त्यांनी ती रद्दीत घालू नयेत.